पाळणाघरातली साथ मुलाला घरी बसवून का थांबत नाही?

पावसाळा लागला की पुण्या-मुंबईच्या पाळणाघरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरलेला मेसेज येतो. "एका बाळाला हँड-फूट-माउथ निघालंय, कृपया सगळ्यांनी काळजी घ्या." खाली हात जोडलेले इमोजी. (हँड-फूट-माउथ म्हणजे तोंडात फोड आणि हातापायांवर पुरळ येणारा लहान मुलांचा साथीचा आजार.) मग कोणीतरी विचारतं कोणाला झालंय, पाळणाघर चालवणाऱ्या काकू नाव सांगत नाहीत (बरोबरच करतात), मग पर्सनलवर तपास सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत नाव सगळ्यांना माहीत. त्या बाळाच्या आईला टोमणे बसतात, बाळ आठवडाभर घरी बसतं, आणि तरी चार-पाच दिवसांनी अजून तिघांच्या तळव्यांवर पुरळ. मग पुन्हा ग्रुपवर युद्ध. काळजी घ्या म्हणजे नक्की काय करा हे मात्र त्या मेसेजमध्ये कोणी लिहीत नाही, म्हणून हा लेख.

साथ म्हणजे किती जण?

एका मुलाला काहीतरी झालं तर ती केस. एकाच खोलीतल्या, एकमेकांत खेळणाऱ्या दोन किंवा जास्त मुलांना थोड्या दिवसांच्या आत तेच झालं तर त्याला उद्रेक म्हणतात, आपण साथ म्हणू. दहा-वीस मुलं आजारी पडायची वाट बघायची नसते, दुसरं मूल आजारी पडलं की कामाला लागायचं.

आता एक शब्द समजून घ्या, पुढे सगळं त्यावरच आहे. जंतू शरीरात शिरल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंत जो वेळ जातो त्याला अधिशयन काळ म्हणतात. हँड-फूट-माउथमध्ये तो साधारण ३ ते ६ दिवसांचा असतो. रात्री दुधाला विरजण लावतो तसं आहे हे, सकाळी दही दिसतं पण काम रात्रीच सुरू झालेलं असतं. पहिल्या बाळाला पुरळ आलेलं ज्या दिवशी दिसलं, त्या दिवशी बाकी दोघा-तिघांना विरजण लागून गेलेलं असू शकतं, आणि ती मुलं मस्त खेळत असतात. म्हणून पहिल्या बाळाला घरी पाठवल्यावरही नवीन केसेस निघतात. त्यात त्याच्या आईचा काही दोष नसतो.

हा आजार आहे तरी काय?

हँड-फूट-माउथ एन्टेरोव्हायरस नावाच्या कुटुंबातल्या व्हायरसमुळे होतो, म्हणजे आतड्यात राहणारे व्हायरस. नेहमीचे म्हणजे कॉक्सॅकी ए१६ आणि ए६, आणि जास्त तापदायक म्हणजे एन्टेरोव्हायरस ए७१. आधी एक-दोन दिवस ताप, मग तोंडात फोड, मग तळहात, तळपाय आणि बऱ्याचदा ढुंगणावर पुरळ. मूल खात नाही, लाळ गळते, चिडचिड करतं. बहुतेक मुलं ७ ते १० दिवसांत आपोआप बरी होतात. अँटिबायोटिकचा उपयोग नाही, कारण ते बॅक्टेरियावर चालतं. तापाला डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल, गार दूध, ताक, पेज असं जे गिळवेल ते, बस. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही.

गुरांच्या लाळ्या-खुरकुताशी (इंग्रजीत फूट-अँड-माउथ) नाव सारखं असलं तरी याचा काहीही संबंध नाही, तो व्हायरस वेगळा आहे, तो माणसांची साथ पसरवत नाही. आणि २०२२ मध्ये केरळात कोल्लमकडून जो 'टोमॅटो फ्लू' सगळ्या चॅनेलवर गाजला, तोही बहुधा हाच. केरळला जाऊन इंग्लंडला परतलेल्या दोन मुलांच्या तपासणीत शेवटी कॉक्सॅकी ए१६च सापडला होता. नाव नवीन आलं की घाबरायलाही नवीन होतं.

मग पसरतं कुठून?

थुंकी, शेंबूड, फोडातलं पाणी यातून पसरतंच, पण पाळणाघरात ज्या रस्त्याकडे कोणी बघत नाही तो रस्ता म्हणजे शी. मूल बरं झाल्यावरही व्हायरस घशातून एक ते तीन आठवडे आणि शीतून कित्येक आठवडे, कधीकधी महिने बाहेर पडत राहतो. ज्यांना लागण होऊनही काहीच लक्षणं आली नाहीत अशी मुलं आणि मोठी माणसंसुद्धा तो बाहेर टाकत असतात.

आता दुपारच्या वेळी कुठल्याही फ्लॅटमधल्या पाळणाघरात अर्धा तास बसून बघा. मावशी एका बाळाचा डायपर बदलतात, वेट वाइपने बाळाला पुसतात, त्याच पाकिटातला अजून एक वाइप काढून स्वतःचे हात पुसतात. तेवढ्यात दुसरं रडतं, त्याला उचलतात. प्लास्टिकची ती निळी चटई तशीच असते, तिच्यावर तिसरं बाळ आडवं होतं. बेसिन आतल्या बाथरूममध्ये, तिथे जायचं म्हणजे सहा मुलं एकटी सोडायची. मग खाऊची वेळ होते, मावशी केळी सोलून छोटे तुकडे करून वाटीत टाकतात, आणि खाऊन झालं की खुंटीवरच्या एकाच नॅपकिनने सगळ्यांची तोंडं पुसतात. मावशींना वाईट म्हणायचं नाहीये मला, सहा-आठ मुलांमागे एक बाई आणि बेसिन लांब असेल तर कोणीही हेच करेल. पण साथ इथे पसरते, गेटवर नाही.

म्हणून पाळणाघर निवडताना सीसीटीव्ही आणि भिंतीवरच्या कार्टूनपेक्षा मी एक गोष्ट बघायला सांगेन: डायपर बदलायच्या जागेपासून हात धुवायचा नळ किती पावलांवर आहे, आणि खाऊ बनवायची जागा तिथून किती लांब आहे. शक्य असेल तिथे डायपर बदलणारी आणि भरवणारी बाई त्या शिफ्टपुरती तरी वेगळी ठेवावी. हे एवढं जमलं तरी मोठा फरक पडतो.

पण सॅनिटायझर आहे ना भिंतीला!

कोविडने आपल्याला ही सवय लावली आणि कोविडसाठी ती बरोबर होती. कोरोना व्हायरसला बाहेरून चरबीचं आवरण असतं, अल्कोहोल ते आवरण फोडतं आणि व्हायरस निकामी होतो. एन्टेरोव्हायरस, आणि उलट्या-जुलाब करणारे नोरो आणि रोटा, यांना असं आवरणच नाही. त्यामुळे अल्कोहोल त्यांच्यावर कमी चालतं. साबण त्यांना मारतो असं नाही, पण चोळल्यावर ते कातडीवरून सुटतात आणि वाहत्या पाण्याबरोबर गटारात जातात, आपल्याला तेवढंच हवंय. २० सेकंद, बोटांच्या मधे, नखांखाली, आणि पुसायला प्रत्येकाचा वेगळा नॅपकिन नाहीतर टिश्यू. मुलांचेही हात धुवायचे, नुसते मावशींचे नाहीत.

फिनाइलचंही तेच. फिनाइलचा वास आला की स्वच्छ झाल्यासारखं वाटतं, पण या जातीच्या व्हायरसवर त्याचा भरवसा नाही. इथे लागतं ते क्लोरीनचं लिक्विड ब्लीच, सोडियम हायपोक्लोराइट. बाटलीवर ४ ते ५ टक्के लिहिलेलं असेल तर एक लिटर पाण्यात साधारण २० ते २५ मिली. आधी साबणाच्या पाण्याने घाण पुसून घ्यायची, कारण घाणीवर ब्लीच ओतलं तर ते घाणीतच खर्ची पडतं. मग हे पाणी लावायचं आणि १० मिनिटं तसंच राहू द्यायचं, लगेच पुसलं तर उपयोग नाही. खेळणी नंतर साध्या पाण्याने धुवायची कारण ती परत तोंडात जाणारच आहेत. द्रावण रोज ताजं करायचं, मुलं दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडी, हातात ग्लोव्हज. आणि टॉयलेट साफ करायच्या ॲसिडबरोबर कधीही, कधीही मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो.

साथ चालू असेपर्यंत सॉफ्ट टॉय बंद, जे धुता येतं तेच बाहेर. एखाद्या मुलाने खेळणं तोंडात घातलं की ते वेगळ्या बादलीत टाकायचं, संध्याकाळी सगळी एकदम धुवायची. चादरी-दुपटी ज्याची त्याला.

अंगावर पुरळ असलेलं मूल आत घेतलंच कसं?

यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की ताप नसेल, तोंडातल्या फोडांमुळे लाळ सारखी गळत नसेल आणि मूल खेळण्याइतकं बरं असेल तर हँड-फूट-माउथमध्ये नुसत्या पुरळासाठी त्याला घरी ठेवायची गरज नाही. ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो. पण हिशोब करून बघा, व्हायरस शीतून कित्येक आठवडे जात राहणार. तो पूर्ण जाईपर्यंत घरी ठेवायचं म्हटलं तर महिना-दीड महिना ठेवावं लागेल, आणि ज्यांना लक्षणंच नाहीत त्यांचं काय? ती तर रोज येतायत.

आपल्याकडे बरेच डॉक्टर आठवडाभर घरी ठेवा म्हणतात. तेही चूक नाही. पहिल्या आठवड्यात संसर्ग सगळ्यात जास्त पसरतो, शिवाय आपल्याकडे खोल्या छोट्या, मुलं जास्त. माझं मत विचाराल तर ताप उतरून, औषधाशिवाय २४ तास झाले, फोड सुकायला लागले आणि मूल नीट जेवतंय, एवढं झालं की घ्यावं. पण हा नियम साथ यायच्या आधी, ॲडमिशनच्या वेळीच लेखी दिलेला असावा. साथीच्या मधे बनवलेला नियम कोणाच्या तरी विरोधातच वाटतो. आणि 'फिट सर्टिफिकेट आणा' हा जो प्रकार आहे त्याने फार काही साधत नाही, डॉक्टरलासुद्धा बघून सांगता येत नाही की शीतून व्हायरस जायचा थांबला का.

दोनशे पानी वही

साथ आवरायचं सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे वही. साथरोगवाले तिला लाइन लिस्ट म्हणतात, आपण वहीच म्हणू. रोज एक ओळ: कोण आलं नाही, का, लक्षण कधी सुरू झालं, कुठल्या खोलीतलं, कुठला खाऊ खाल्ला, घरी भावंड आहे का, मावशींपैकी कोण आजारी. ही वही काकूंकडेच राहणार, नावं ग्रुपवर जाणार नाहीत.

तारखा एकाखाली एक आल्या की साथ कशी चाललीये ते दिसायला लागतं. सोमवारी एक, शुक्रवारी दोन, पुढच्या बुधवारी तीन, असं सावकाश चाललंय आणि सगळे एकाच खोलीतले, तर एकाकडून दुसऱ्याकडे जातंय, म्हणजे त्या खोलीतले हात आणि चटई बघा. पण एकाच दिवशी वेगवेगळ्या खोल्यांतली आठ-दहा मुलं एकदम जुलाबाने आजारी पडली तर ते एकमेकांकडून आलेलं नाही, सगळ्यांनी काहीतरी एकच खाल्लं-प्यायलंय. मग डब्याचं किचन किंवा पाण्याची टाकी बघायची. कॅनडात कॅलगरी शहरात सप्टेंबर २०२३ मध्ये असंच झालं. अनेक डेकेअरमधली शेकडो मुलं ई. कोलाय जंतूने आजारी पडली, काहींच्या किडनीपर्यंत गेलं. त्या डेकेअर्सना जेवण पुरवणारं किचन एकच होतं. तिथे एकेका डेकेअरमध्ये खेळणी कितीही धुतली असती तरी काय फरक पडणार होता?

मग आठवडाभर बंदच का करत नाही?

कारण बंद केलं की मुलं हवेत विरघळत नाहीत. आईबाबांना ऑफिस आहेच, मग कोणी शेजारच्या दुसऱ्या पाळणाघरात तात्पुरतं ठेवतं, कोणी आजीकडे पाठवतं जिथे मामेभावंडं आहेत. एका खोलीत असलेली साथ चार ठिकाणी जाते. त्यापेक्षा गट बांधणं जास्त कामाचं: एका खोलीतली मुलं त्याच खोलीत, त्याच मावशींकडे, एकत्र प्ले एरिया बंद, संध्याकाळी सगळ्यांना हॉलमध्ये एकत्र बसवणं बंद, नवीन ॲडमिशन थोडे दिवस थांबवायची.

बंद करायची वेळ येतेच, नाही असं नाही. मावशीच आजारी पडल्या आणि मुलं सांभाळायला माणसं नाहीत, किंवा आजार गंभीर वळण घेतोय. सिंगापूरने २००० साली हँड-फूट-माउथच्या मोठ्या साथीत बालवाड्या आणि पाळणाघरं सरसकट बंद केली होती, कारण तेव्हा ए७१ फिरत होता आणि मुलं दगावली होती. पण तो निर्णय तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने देशातले आकडे बघून घेतला होता. ग्रुपवर मतदान घेऊन बंद करणं वेगळं.

सगळ्या साथींना एकच नियम लावू नका

गोवर आला तर वरचं सगळं कमी पडेल. गोवर हवेतून पसरतो, आजारी मूल खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, एका रुग्णाकडून लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना होऊ शकतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली ती आठवत असेल. तिथे हात धुणं हा उपाय नाही, लस हा उपाय आहे. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचे दोन डोस आहेत, ९ ते १२ महिन्यांत पहिला आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा. पाळणाघराने सगळ्यांच्या लसीच्या कार्डाची फोटोकॉपी आधीच ठेवलेली असेल तर कोणाचा डोस राहिलाय ते पाच मिनिटांत कळतं, आणि संपर्क आल्यापासून ७२ तासांत लस दिली तर आजार टळायची शक्यता असते. म्हणून ताप अधिक पुरळ दिसलं की आधी डॉक्टर, आणि गोवराचा संशय असेल तर महापालिकेच्या दवाखान्याला लगेच कळवायचं. गोवर झालेलं मूल पुरळ उठल्यापासून चार दिवस घरी.

उलट्या-जुलाबात नियम वेगळा, शेवटच्या जुलाबानंतर ४८ तास घरी. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनासुद्धा हाच नियम, आणि त्यांचा त्या दोन दिवसांचा पगार कापू नका, नाहीतर त्या सांगणारच नाहीत. ओआरएस आणि डॉक्टर सांगतील तशा झिंकच्या गोळ्या १४ दिवस. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी, आणि कोणी मावशी किंवा आई गरोदर असेल आणि तिला पूर्वी कांजिण्या झाल्या नसतील तर तिने लगेच डॉक्टरला विचारायचं. साध्या सर्दीला काही करायचं नाही, सर्दीवाली मुलं बाहेर काढली तर पावसाळ्यात पाळणाघर रिकामं होईल.

सकाळी सिरप पाजून पाठवणारे आईबाप

आहेत, सगळ्यांना माहितीये. साडेआठला पॅरासिटामॉल देतात, बारापर्यंत बाळ छान असतं, साडेबाराला काकूंचा फोन. चूक आहेच, पण त्यांना नुसतं झापून काही होत नाही. २०१७ च्या प्रसूती लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय देणं बंधनकारक केलं, पण आजारी मुलासाठी सुट्टी हा विषय त्यात नव्हता. सुट्टी संपलेली, आजी गावाला, आणि पाळणाघर फी मात्र पूर्ण घेतं. अशा वेळी खरं सांगणाऱ्याचंच नुकसान होतं. ज्या काकू म्हणतात की ताप आहे हे खरं सांगितलंत तर त्या दिवसांची फी पुढच्या महिन्यात वळती करते, तिथे लोक खरं सांगतात, आणि वही खरी राहते.

साधा आजार आहे तर एवढं कशाला?

कारण हजारात एखाद्याला साधा राहत नाही. तैवानमध्ये १९९८ साली ए७१ च्या साथीत ७८ मुलं गेली, मेंदू आणि हृदयावर परिणाम होऊन. चीनने त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ए७१ वर लस काढली, पण ती बाकीच्या कॉक्सॅकींवर चालत नाही आणि आपल्याकडे वापरात नाही. म्हणून काही खुणा पाळणाघरातल्या प्रत्येक मावशीला पाठ पाहिजेत: मूल झोपेत दचकून सारखे झटके देतंय, चालताना झोकांड्या जातायत, खूप मलूल झालंय, उलट्या थांबत नाहीत, सहा-आठ तासांत शू नाही, ताप तीन दिवसांच्या वर गेला. यातलं एक दिसलं तरी आईची वाट न बघता दवाखान्यात.

आणि 'पाळणाघरात घातलं म्हणूनच सारखं आजारी पडतं' हे आजीचं वाक्य? पहिल्या वर्षी-दोन वर्षांत ते खरं असतं. पण लहानपणी मोठ्या डेकेअरमध्ये गेलेल्या मुलांना शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांत सर्दी कमी होते असं अमेरिकेतल्या ॲरिझोनात मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहून केलेल्या अभ्यासात दिसलंय. म्हणजे आजारपण थोडं अलीकडे येतं. हँड-फूट-माउथला मात्र हे पूर्ण लागू नाही, व्हायरस अनेक असल्यामुळे एकदा होऊन गेलं तरी दुसऱ्या जातीचं परत होऊ शकतं.

साथ संपली असं कधी म्हणायचं?

शेवटची नवीन केस निघाल्यापासून दोन अधिशयन काळ नवीन कोणी नाही, की संपली. हँड-फूट-माउथसाठी साधारण दोन आठवडे धरा. मग गट सोडा, सॉफ्ट टॉय बाहेर काढा, नवीन ॲडमिशन घ्या. डायपरनंतरचं हात धुणं मात्र सुरूच, शीमधला व्हायरस अजून जायचाय. आणि महिनाभराने एखाद्या बाळाची नखं मुळापासून सुटून निघायला लागली तर घाबरून ग्रुपवर फोटो टाकू नका, ए६ नंतर बऱ्याचदा होतं, दुखत नाही, खालून नवीन नख येतं. वहीत तेवढी नोंद करा.